दुकानाची सजावट आणि लेकराचा घास

काही वर्षांपूर्वी पेडणे तालुक्यातील अडीच वर्षांचा एक मुलगा माझ्या डिचोलीच्या दवाखान्यात आणण्यात आला. ताप नव्हता, डोक्याला मार नव्हता; परंतु मूल गाढ गुंगीत होते आणि जागे करून उभे केले तर त्याचा तोल जात होता. मेंदूज्वराच्या शंकेने मी तपासण्यांची यादी लिहावयास घेतली. तेव्हा त्याची आई दबक्या आवाजात म्हणाली, "दोतोर, मी हरमलला खोल्या साफ करते. पाहुणे एक पाकीट टाकून गेले होते. वर इतके छान चित्र होते की मला लहान मुलांच्याच गोळ्या वाटल्या." ती परदेशी बनावटीची, गांजाचा अर्क घातलेली मिठाई होती. दुसऱ्या दिवशी मूल खेळू लागले. माझ्या मनातून मात्र ते चित्र गेले नाही.

ग्राहकाच्या मनावर वस्तूइतकाच दुकानाच्या वातावरणाचा परिणाम होतो, हा विचार फिलिप कोटलर यांनी १९७३ मध्ये मांडला. प्रकाश, रंग, सुगंध, संगीत, मांडणी या सर्वांतून मन प्रसन्न झाले की पाऊल रेंगाळते आणि हात वस्तूकडे जातो. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मिलिमन यांच्या प्रयोगात, संथ संगीत लावले असता अमेरिकेतील एका किराणा भांडारातील विक्री जलद संगीताच्या तुलनेत सुमारे ३८ टक्क्यांनी अधिक आढळली.

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात २०१४ पासून आणि कॅनडात २०१८ पासून प्रौढांना गांजाची कायदेशीर विक्री सुरू झाली. तेथील अनेक दुकाने अंधाऱ्या गुत्त्यासारखी नसून जवाहिऱ्याच्या पेढीसारखी सजविलेली असतात. काचेची कपाटे, लाकडी फळ्या, मंद दिवे आणि आपुलकीने सल्ला देणारा विक्रेता. अशा जागी ग्राहकाची भीड चेपते. परंतु भीडेबरोबर सावधगिरीही ओसरते. जागा स्वच्छ व सुंदर आहे, म्हणून वस्तूही निर्धोक असणार, असा निष्कर्ष मन नकळत काढते.

प्रौढ माणूस निदान दुकानातून बाहेर पडतो. पाकीट मात्र घरी येते. पाकीट म्हणजे त्या दुकानाच्या सजावटीचाच एक तुकडा होय, आणि तो वाचता न येणाऱ्या बालकाच्या हाती पडतो. अमेरिकेतील विषबाधा केंद्रांकडे सहा वर्षांखालील मुलांनी गांजायुक्त खाद्य खाल्ल्याच्या २०१७ मध्ये २०७ नोंदी झाल्या होत्या. २०२१ मध्ये त्या ३,०५४ झाल्या. बहुतेक प्रसंग घरातच घडले. कॅनडाने साधे व मुलांना सहज न उघडणारे वेष्टन सक्तीचे केले, ते याच जाणिवेतून.

आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानुसार गांजा व चरस यांची विक्री गुन्हा आहे. शेंड्याविना असलेली पाने व बिया मात्र त्या कायद्यातील गांजाच्या व्याख्येबाहेर राहतात. आयुर्वेदातील विजया ही औषधी म्हणून मान्य आहे, परंतु वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावयाच्या विषारी द्रव्यांच्या यादीत आहे. २०२१ पासून भांगेच्या बियांना खाद्य म्हणूनही मान्यता मिळाली. त्यामुळे तेच हिरवे पान कोठे सदऱ्यावर, कोठे तेलाच्या बाटलीवर, तर कोठे बेकायदा मिठाईवर दिसते. चित्र एकच, आतील वस्तू निराळी. सामान्य माणसाने भेद कसा ओळखावा?

म्हणून माझ्या व्यवसायबंधूंना विनंती आहे. निरोगी मूल अचानक गुंगीत गेले, तोल जाऊ लागला, बुबुळातील बाहुल्या विस्फारल्या, नाडी जलद झाली, तर श्वास व रक्तशर्करा सांभाळतानाच हा प्रश्नही विचारावा. खाल्ल्यानंतर लक्षणे दिसावयास काही तास लागू शकतात. यावर विशिष्ट उतारा नाही. श्वासाकडे लक्ष ठेवणे हाच मुख्य उपचार होय. प्रश्न आरोपाच्या सुरात विचारू नये, कारण घाबरलेली आई गप्प बसते आणि मुलाच्या पाठीत विनाकारण सुई जाते.

पालकांना एवढेच सांगणे, की पाहुण्यांनी टाकलेला खाऊ, कितीही सुंदर दिसला तरी, घरी आणू नये. आणलाच गेला आणि मुलाने खाल्ला, तर ते पाकीट घेऊनच दवाखान्यात यावे. त्या आईने धीर करून खरे सांगितले, म्हणूनच तिच्या लेकराच्या पुढील तपासण्या टळल्या.