रात्रीचा गळ

आपल्या बार्शी तालुक्यात हिंगणी आणि जवळगाव इथं तलाव आहेत. रात्री गळ टाकायचा तर आधी तलावाच्या ठेकेदाराला विचारावं.

कटला वरच्या पाण्यात चरतो, रोहू मधल्या पाण्यात आणि मृगळ तळाशी. म्हणून कटल्यासाठी आपण दोरीला बूच बांधतो, मृगळासाठी शिसं. गळाला कणकेची गोळी लावतो. तंगूस मजबूत घ्यावा, पण मनगटाला गुंडाळू नये. मोठा मासा जोरानं ओढतो.

ताडपत्री उंचवट्यावर बांधावी. ओढ्यात नको, वर पाऊस झाला, तर झोपेत पाणी येतं. एकट्या झाडाखालीही नको. तिथं वीज पडते.

घोंगडी, बॅटरी आणि जोडीदार बरोबर घेऊ. घरी सांगून निघू. मासा मिळो न मिळो, सकाळी घरी यायचंच आहे!