पडलेल्याला कसला हिशेब? निकालानंतर तहसील कार्यालयात काय चालतं

मागच्या भागात मतदान केंद्रावरच्या दिवसाबद्दल बोललो, तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं की निकाल लागला, गुलाल उधळला, मग तुम्हा लोकांना सुट्टीच ना? हा भाग त्याच प्रश्नाचं उत्तर आहे. नेहमीप्रमाणे ऐकलेलंच थोडं नीट करून इथे उतरवलंय.

मी जे सांगणार आहे ते जानेवारी २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकीचं. राज्यात १४,२३४ ग्रामपंचायतींचा कार्यक्रम जाहीर झाला होता. १५ जानेवारीला मतदान, १८ ला मतमोजणी. कोरोनाचा काळ, त्यामुळे मतपेटीच्या सामानात सॅनिटायझरचे कॅन आणि तापमापक बंदुका वाढलेल्या. मी तेव्हा एका तहसील कार्यालयात निवडणूक शाखेला अव्वल कारकून होतो. तालुका कुठला ते सांगत नाही, गरजही नाही.

मोजणी संध्याकाळपर्यंत संपली. बाहेर जेसीबीतून गुलाल, आत आम्ही लाखेच्या वासात. कारण निकाल जाहीर झाला की पहिलं काम असतं सगळं पुन्हा बंद करायचं. मतदान यंत्रं, खुणा केलेली मतदार यादी, मतदारांची सही-अंगठ्याची नोंदवही, नोंदवलेल्या मतांचा हिशेब, केंद्राध्यक्षाची डायरी, प्रत्येकाचं वेगळं पाकीट, प्रत्येकावर केंद्राचा क्रमांक, सील आणि सही. उमेदवार किंवा त्याचा प्रतिनिधी हजर असेल तर त्याचीही सही. बहुतेक जण हजर नसतात. जिंकलेला मिरवणुकीत असतो, हरलेला घरी गेलेला असतो.

ही पाकिटं नंतर आम्हालासुद्धा उघडता येत नाहीत, हे लोकांना पटत नाही. एक पडलेला उमेदवार चौथ्या दिवशी आला. म्हणाला, "भाऊसाहेब, यादी एकदा दाखवा, माझ्या गल्लीतलं कोण आलं नाही एवढंच बघतो." कोणी मतदान केलं ही माहिती त्या यादीत आहे, म्हणूनच ती बंद आहे. ती उघडायची तर न्यायालयाचा आदेश लागतो. ग्रामपंचायतीच्या निवडीला आव्हान द्यायचं असेल तर निकाल जाहीर झाल्यापासून १५ दिवसांत दिवाणी न्यायाधीशाकडे अर्ज करावा लागतो. तहसीलदाराकडे नाही, जिल्हाधिकाऱ्याकडे नाही. तेव्हाच्या निकालासाठी ती तारीख होती २ फेब्रुवारी. माझ्याकडे तक्रारीचे अर्ज आले त्यातले निम्मे त्या तारखेनंतरचे होते. अर्ज आवक करून घ्यायचा, पोच द्यायची आणि "कोर्टात जायला हवं होतं" असं सांगायचं, एवढंच हातात. समोरच्याला वाटतं, हा आपल्याला टाळतोय.

बाकीची कामं पटकन सांगतो. निवडून आलेल्यांची नावं जिल्हाधिकाऱ्यांमार्फत प्रसिद्ध होतात, त्यासाठी याद्या तपासून पाठवायच्या. त्यात आडनावाची वेलांटी चुकली तरी पुढे पाच वर्षं त्या माणसाला प्रत्येक ठरावात त्रास. अनामत परत करायची, सर्वसाधारणला ५०० आणि राखीवला १०० रुपये. रक्कम छोटी, पण पावती हरवलेला माणूस तीन हेलपाटे मारतो. कर्मचाऱ्यांचे भत्ते, गाड्यांची बिलं, मंडपवाल्याचं बिल. मंडपवाला हा निवडणुकीतला सर्वात चिकाटीचा माणूस, त्याच्याइतका पाठपुरावा उमेदवारही करत नाहीत.

त्या वर्षी एक जादा काम होतं. थेट सरपंच निवड तेव्हा बंद होती, सदस्यांतूनच सरपंच होणार होता. आणि सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत शासनाने मतदानानंतर ठेवली. आधी निघालेल्या जिल्ह्यांतली सोडतही रद्द झाली. त्यामुळे गावात सात सदस्य निवडून आलेले, पण सरपंच कुठल्या प्रवर्गाचा हे कुणालाच ठाऊक नाही. तहसीलच्या आवारात बरणीतून चिठ्ठी काढणारं लहान मूल, समोर चारशे माणसं. चिठ्ठी निघाली की एका कोपऱ्यातून शिट्टी आणि दुसऱ्या कोपऱ्यात एकदम शांतता. काही गावांत तर आरक्षण अशा प्रवर्गाचं निघालं की त्या प्रवर्गाचा एकही सदस्य निवडूनच आलेला नव्हता. मग जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव, आणि तोवर खुर्ची रिकामी. सोडतीनंतर पहिल्या सभेपर्यंत सदस्य 'सहलीला'. सभेची नोटीस बजावायला गेलेला कोतवाल कुलपाला नोटीस चिकटवून यायचा, घरचे म्हणायचे, "देवाला गेलेत."

आता मुख्य मुद्द्यावर येतो, ज्याच्यासाठी हा भाग केला.

निवडणूक लढवणाऱ्या प्रत्येकाने निकालापासून ३० दिवसांत खर्चाचा हिशेब द्यायचा असतो. प्रत्येकाने म्हणजे जिंकलेल्याने, पडलेल्याने, बिनविरोध आलेल्याने. खर्च शून्य असेल तर शून्याचा हिशेब. तेव्हा सात किंवा नऊ सदस्यांच्या ग्रामपंचायतीत सदस्यपदासाठी खर्चाची मर्यादा २५ हजार रुपये होती. बहुतेकांचा कागदावरचा खर्च त्याच्या आसपासही जात नाही. म्हणून लोकांना वाटतं, एवढ्याशा रकमेचं काय सांगायचं. पण कायदा हिशेब दिला की नाही ते विचारतो. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम १४-ब. ठरलेल्या वेळेत आणि ठरलेल्या पद्धतीने हिशेब दिला नाही आणि त्याला योग्य कारण नसेल, तर पाच वर्षं अपात्र. ही पाच वर्षं निवडणुकीपासून मोजत नाहीत, आदेशाच्या तारखेपासून मोजतात. हे वाक्य पुन्हा ऐका, कारण सगळा घोळ इथेच होतो.

आमच्या तालुक्यातली एक ताई. बचत गटाचं काम करायची, पहिल्यांदाच उभी राहिली आणि अकरा मतांनी पडली. खर्च काय, तर दोन हजाराच्या आत. हँडबिलं आणि रिक्षावरचा एक भोंगा. १७ फेब्रुवारीला मुदत संपली. आमच्याकडे हिशेब न दिलेल्यांची यादी झाली, त्यात तिचं नाव. मी यादी टाईप केली, नोटिसा काढल्या, जिल्हाधिकारी कार्यालयाला प्रस्ताव गेला. नोटीस बजावल्याची पोच आली, त्यावर तिच्या दिराची सही. माझ्या लेखी काम पूर्ण. पुढच्या वर्षी, जुलै २०२२ मध्ये, आदेश झाला.

ती आली तेव्हा हातात तो आदेश होता. म्हणाली, "भाऊसाहेब, मी तर पडले होते. पडलेल्याला कसला हिशेब?"

मी कलम सांगितलं. ती म्हणाली, "नोटीस आली होती म्हणता. दीर म्हणाला, इलेक्शनचं काहीतरी आलंय, ठेवलंय टीव्हीमागं." मग जरा थांबून, "अर्ज भरताना तुम्ही वीस कागद मागितले, साहेब. प्रत्येक कागदाला बोट लावून दाखवलं. हा एकविसावा कुणी नाही दाखवला."

दाखवला होता, तसं बघितलं तर. अर्जासोबत सूचनांचा छापील संच दिला होता, त्यात सातव्या की आठव्या पानावर हा नियम होता. तिची सहीही होती, सूचना मिळाल्याची. मी ती फाईल काढून तिला दाखवणार होतो. नाही दाखवली. तिला तेवढ्यापुरतं गप्प करता आलं असतं, बाकी काही झालं नसतं.

आता मोजा. आदेश जुलै २०२२ चा, म्हणजे अपात्रता जुलै २०२७ पर्यंत. त्या ग्रामपंचायतीची मुदत २०२६ च्या सुरुवातीची. म्हणजे एका न दिलेल्या कागदासाठी तिची पुढची निवडणूकही जाऊ शकते. आणि माझ्या यादीत अशी नावं एक-दोन नव्हती. त्यातली बरीचशी पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या बायकांची आणि घरचं कुणी राजकारणात नसलेल्या पोरांची. मुरलेल्या पॅनेलप्रमुखांची माणसं त्या यादीत नसतात. त्यांचा हिशेब लिहून द्यायला माणूस ठेवलेला असतो.

उपाय आहे का? कारण नोंदवून अपात्रता काढण्याचा किंवा तिची मुदत कमी करण्याचा अधिकार कायद्याने राज्य निवडणूक आयोगाला दिलाय. मी ताईला तो अर्ज लिहून दिला. नोटीस प्रत्यक्ष हातात पडली नाही, खर्च किती होता, पावत्या कोणत्या, सगळं जोडलं. शाखेतल्या माणसाने असा अर्ज लिहून द्यावा का, यावर आमच्या साहेबांचं मत वेगळं होतं. असू दे.

राखीव जागेवर निवडून आलेल्यांसाठी आणखी एक घड्याळ चालू असतं, जात वैधता प्रमाणपत्राचं. तेव्हा हमीपत्र देऊन उभं राहता आलं, पण प्रमाणपत्र निवडून आल्यापासून बारा महिन्यांत द्यायचं होतं, नाहीतर निवड मागील तारखेपासून रद्द. पडताळणी समित्यांकडे प्रकरणं इतकी तुंबली की पुढे २०२३ मध्ये कायदा करून मुदत वाढवावी लागली. पण तुमच्या वेळेलाही मुदत वाढेल या भरवशावर राहू नका.

तर, तुम्ही किंवा घरचं कुणी उभं राहणार असेल तर निकालाच्या दुसऱ्याच दिवशी, गुलाल धुतल्यावर किंवा डोळे पुसल्यावर, तहसीलला जा. हिशेबाचा नमुना मागा, शपथपत्र करा, पावत्या जोडा. आयोगाच्या ॲपवर रोजचा खर्च भरला असेल तरी अंतिम हिशेब दिल्याची सही-शिक्क्याची पोच घ्या आणि तिचा फोटो काढून ठेवा. पोच नसेल तर हिशेब दिलाच नाही, असं आमच्या खात्यात धरतात. आणि घरी सांगून ठेवा, माझ्या नावाचा कागद टीव्हीमागं ठेवायचा नाही.

मी शाखेत असेपर्यंत पुढच्या प्रत्येक निवडणुकीत एक गोष्ट केली. निकालपत्र देताना प्रत्येक उमेदवाराच्या प्रतीवर लाल शाईने शेवटची तारीख लिहायचो, आणि जे न्यायला आले नाहीत त्यांना फोन. नियमात नव्हतं. यादी बरीच आखूड झाली, पण पूर्ण रिकामी एकदाही नाही.

तुमच्या गावात असं कुणी अपात्र झालं असेल, तर आदेशाची तारीख बघून कळवा. पुढच्या भागात ग्रामसभेचं इतिवृत्त कसं वाचायचं ते बघू. भेटू.