वीज आली, पत्ता बदलला

आमच्या तालुक्याच्या गावी एक वाचनालय आहे. तिथे सहा संगणक आणि एकच प्रिंटर. प्रिंटर ग्रंथपाल ताईंच्या संगणकाला जोडलेला, बाकीचे पाच संगणक त्यांच्यामार्फत छपाई करतात. पावसाळ्यात वीज जाऊन परत आली, की हमखास ताईंचा फोन यायचा, “सर, परत ऑफलाइन दाखवतंय हो!” स्पर्धा परीक्षेचे अर्ज छापायला आलेली मुलं ताटकळत उभी. प्रिंटरमध्ये कागद होता, शाई होती, दिवाही हिरवा होता. बदललेला असायचा तो ताईंच्या संगणकाचा पत्ता.

नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला आयपी ॲड्रेस लागतो. १९८१ साली ठरलेल्या पद्धतीप्रमाणे तो ३२ बिटांचा असतो, आणि आपण तो टिंबं देऊन चार आकड्यांत लिहितो. प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला. सहसा हा पत्ता राउटरच देतो आणि तोही ठरावीक मुदतीपुरता, भाड्याच्या खोलीसारखा. या व्यवस्थेला डीएचसीपी म्हणतात. येणाऱ्या-जाणाऱ्या मोबाइलसाठी ती उत्तम. पण कुणाला कोणता पत्ता दिला याची नोंद अनेक साध्या राउटरमध्ये वीज जाताच पुसली जाते. वीज आली की खिशातले मोबाइल आधी जोडले जातात, संगणक सुरू व्हायला वेळ घेतो. तोवर ताईंचा १९२.१६८.१.१०३ हा पत्ता कुणा वाचकाच्या मोबाइलला गेलेला असतो. उरलेले पाच संगणक मात्र १०३ लाच हाका मारत राहतात.

उपाय म्हणजे स्टॅटिक, म्हणजे कायमचा पत्ता. हे नाव काढलं की दुकानदार विचारतो, “त्याचे महिन्याला जादा पैसे पडतील, चालेल?” तो सांगतो तो पत्ता वेगळा, बाहेरच्या जगातून दिसणारा. ३२ बिटांतून जेमतेम ४२९ कोटी पत्ते निघतात आणि त्यांचा जागतिक साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपला. म्हणून त्याला किंमत आहे. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते मात्र खासगी वापरासाठी राखलेले आहेत. आजचा नियम १९९६ चा. ते तुमच्या भिंतींच्या आत हवे तसे वाटा, एक पैसा लागत नाही.

सेटिंगमध्ये चार रकाने भरायचे असतात. पहिला पत्ता. दुसरा सबनेट मास्क. तो २५५.२५५.२५५.० असेल तर पहिले तीन आकडे जुळणारी यंत्रं एकाच आळीतली, एवढं संगणकाला कळतं. अशा आळीत २५४ पत्ते वापरता येतात. तिसरा गेटवे, म्हणजे आळीबाहेर पडायचं दार. ते बहुधा राउटरच असतो. चौथा डीएनएस, जो वेबसाइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देतो.

खरी काळजी पत्ता निवडताना घ्यावी लागते. आमचा राउटर १०० ते १९९ या टप्प्यातले पत्ते वाटत होता, म्हणून आम्ही त्या टप्प्याबाहेरचा २० घ्यायचं ठरवलं. पण तो आधीच कुणाकडे नाही ना? दुसऱ्या संगणकावरून ‘पिंग’ करून, म्हणजे त्या पत्त्याला हाक मारून पाहिलं, उत्तर आलं नाही. इथे बरेच जण फसतात. यंत्र हजर असूनही त्याची फायरवॉल पिंगला गप्प ठेवू शकते. म्हणून पिंगनंतर लगेच एआरपीची यादी पाहावी. एकाच आळीत निरोप पोचवण्याआधी संगणक सगळ्यांना विचारतो, “हा पत्ता कुणाचा?” ज्याचा असेल तो आपला हार्डवेअर क्रमांक कळवतो आणि तो या यादीत नोंदला जातो. पिंगला न बोलणारं यंत्रही इथे सहसा बोलतं. यादीत २० समोर असा क्रमांक दिसला, तर तो पत्ता सोडून द्यावा. बंद असलेलं यंत्र मात्र या दोन्ही परीक्षांतून निसटतं. त्यासाठी ताईंनी एका वहीत यंत्र आणि पत्ता लिहून ठेवायला सुरुवात केली. मला ती वही सेटिंगइतकीच मोलाची वाटते.

पिंगची जन्मकथा सांगायलाच हवी. डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात, लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत, माइक मूस नेटवर्कच्या एका विचित्र बिघाडाने हैराण झाले होते. पाणबुडीचं सोनार आवाज सोडतं आणि प्रतिध्वनी ऐकतं, तसं नेटवर्कवर करणारा सुमारे हजार ओळींचा प्रोग्रॅम त्यांनी एका संध्याकाळी लिहिला. त्यांचं पहिलं पिंग सुटलं, तोवर मूळ बिघाड दुरुस्तही झाला होता. पण प्रोग्रॅम टिकला आणि आज जवळजवळ प्रत्येक संगणकात आहे.

पत्ता भरल्यावर चाचणी जवळून लांब अशी करावी. आधी १२७.०.०.१ ला पिंग. हा निरोप संगणकाबाहेर पडतच नाही, नेटवर्कचं सॉफ्टवेअर शाबूत आहे एवढंच त्यातून कळतं. मग आपला नवा पत्ता, मग गेटवे. गेटवेचं उत्तर केबलवरून बहुधा एक मिलिसेकंदाच्या आत येतं. ते आलंच नाही, तर केबल, मास्क किंवा पत्त्याचा एखादा आकडा चुकलाय. मग ८.८.८.८, हा गूगलचा सार्वजनिक डीएनएस. गेटवेला पोचतोय पण इथवर नाही? तर गेटवेचा रकाना तपासा, तो बरोबर असेल तर राउटरच्या पुढची लाइन. शेवटी एखाद्या वेबसाइटचं नाव. आकड्याला उत्तर येतं आणि नावाला येत नाही, तेव्हा चूक डीएनएसच्या रकान्यात शोधावी. एरवी या सगळ्याला आपण ‘नेट गेलं’ एवढंच म्हणतो आणि राउटर बंद-चालू करत बसतो.

आमच्याकडे गेटवे टाकताना १ च्या जागी ११ पडला होता. छपाई सुरळीत चालली होती, इंटरनेट बंद. छपाई आळीतल्या आळीत होते, तिला दार लागतच नाही, म्हणून शोध लगेच लागला.

पाचही संगणकांवर प्रिंटरचा मार्ग आधीच २० वर वळवला होता. मग ताईंना म्हटलं, “आता मेन स्विच बंद करा.” त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग स्विच पाडला. पाच मिनिटं अंधारात बसलो. वीज परत दिल्यावर मुलांचे मोबाइल आधी जोडले गेले, मग संगणक एकेक करून सुरू झाले. कोपऱ्यातल्या पाचव्या संगणकावरून एका मुलीने अर्ज पाठवला आणि ताईंच्या टेबलावर कागद सरकू लागला.