औषधाचे विष काचनळीत पारखण्याची विद्या

कीटकनाशकाच्या डब्यावर एक चौकोनी चिन्ह असते. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा असतो आणि लाल म्हणजे सर्वांत जहाल, हे शेतकरी बंधूंना ठाऊक आहेच. हा रंग ठरविताना औषधाच्या किती मात्रेने प्रयोगशाळेतील निम्मे उंदीर मरतात, हे पाहिले जाते. ट्रेव्हन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने ही रीत १९२७ साली मांडली. तोंडावाटे दिलेली ही मात्रा शरीराच्या दर किलो वजनास ५० मिलिग्रॅम वा त्याहून कमी असल्यास रंग लाल; ५,००० मिलिग्रॅमहून अधिक असल्यास हिरवा.

या परीक्षेने औषध किती जहाल आहे ते कळते. ते का मारते, हे मात्र कळत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. जहाल औषध जपून वापरणे जितके अगत्याचे, तितकेच मुळात सौम्य औषध घडविणेही अगत्याचे आहे. त्यासाठी विषाचे कारण समजले पाहिजे.

पॅराथिऑन आणि मॅलॅथिऑन ही एकाच कुळातील औषधे. दोन्ही मज्जातंतूंतील एका आवश्यक द्रव्याचे, म्हणजे विकराचे, कार्य बंद पाडतात. परंतु मॅलॅथिऑनच्या रचनेत असा एक दुवा आहे की, माणसाच्या शरीरातील दुसरे विकर तो झटपट तोडते. किडीच्या शरीरात हे सामर्थ्य अल्प असते. म्हणून मॅलॅथिऑन माणसाला पॅराथिऑनहून पुष्कळच सौम्य ठरते. विकरावरील असा परिणाम आज एकही प्राणी न मारता काचनळीत पाहता येतो.

तथापि मासे व मधमाश्या यांना मॅलॅथिऑनही घातकच आहे. म्हणून निरनिराळ्या परीक्षा हव्यात. ट्राउट माशाच्या कल्ल्यांतील पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांवर रसायनाचा २४ तासांत होणारा परिणाम पाहण्याची रीत २०२१ साली आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने मान्य केली. वाढविलेल्या मानवी त्वचेवर दाह पाहण्याची रीतही मान्य झाली आहे. अशा परीक्षांना रसायन थोडेच लागते. त्यामुळे अनेक रचना आरंभीच पारखून घातक रचना टाकून देता येतात आणि निर्धोक रचना पुढे नेता येते.

दीर्घकाळच्या वापराचे सर्व परिणाम मात्र अद्याप पेशींवरून सांगता येत नाहीत. म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांस डब्यावरील रंग व सूचना वाचून दाखवाव्यात. हिरवा रंग म्हणजे निर्विष नव्हे, हे समजावून द्यावे. फवारणीच्या वेळी हातमोजे व तोंडावर मुखपट्टी असावी. विषबाधा झाल्यास औषधाचा डबा रोग्याबरोबर दवाखान्यात न्यावा. त्यावरील नावावरून डॉक्टरांस उपचार ठरविता येतो.