दुपारी तीनला पाणी किती होतं?

पावसाळ्यात मिरजेत दोन माणसं भेटली की ख्यालीखुशालीच्या आधी प्रश्न येतो, 'पाणी किती फुटांवर?' 2019 च्या महापुरानंतर तर जास्तच.

समजा, कृष्णा घाटावर सकाळी सहाला पाणी 36 फुटांवर होतं, दुपारी बाराला 39 आणि संध्याकाळी सहाला 41. तीनची नोंद कुणी घेतलीच नाही. 39 आणि 41 च्या मधोमध 40, असं कुणीही सांगेल. पण आधीच्या सहा तासांत पाणी 3 फूट चढलं, नंतरच्या सहा तासांत 2 च. चढ मंदावतोय, म्हणजे बारानंतरच्या पहिल्या तीन तासांत थोडं जास्त चढलं असणार. सरळ रेषेत हे दिसत नाही. तीन बिंदूंतून जाणाऱ्या द्विघाती बहुपदीत दिसतं, आणि अशी बहुपदी एकच निघते.

ती मांडत बसायचीही गरज नाही. ब्रह्मगुप्तानं 665 मध्ये 'खंडखाद्यका'त 'ज्या'च्या, म्हणजे साइनच्या, कोष्टकासाठी अशी मधली किंमत काढायची रीत दिली आहे. 1150 च्या 'सिद्धांतशिरोमणी'त भास्कराचार्यांनीही ती घेतली. याच कामाची न्यूटनची सूत्रं ब्रह्मगुप्तानंतर हजारेक वर्षांनी आली. त्या जुन्या रीतीनं करून बघू. सरलेली वाढ 3, पुढची 2, सरासरी अडीच. दोन्हींतला फरक 1, त्याचा अर्धा. जायचंय निम्मंच अंतर, म्हणून पुन्हा निम्मा, पाव. अडीचमधून पाव गेला, सव्वादोन. त्याचं निम्मं 39 मध्ये मिळवा: 40 फूट दीड इंच. दीड इंचानं काय होतं, हे ज्याच्या उंबऱ्याला पाणी लागलंय त्याला विचारावं.

मग वीस नोंदी घेऊन एकोणिसाव्या घाताची बहुपदी का बसवू नये? ती सगळ्या बिंदूंतून इमानेइतबारे जाते, पण मधल्या जागेत, विशेषतः टोकांकडे, बेफाम हेलकावे खाऊ शकते. कार्ल रुंगे या जर्मन गणितज्ञानं 1901 मध्ये हे दाखवलं. जवळच्या तीन-चार नोंदींवर भागवलेलं बरं.

खरी फसगत नोंदींच्या बाहेर पाऊल टाकलं की होते. आपलीच बहुपदी पुढे चालवा: मध्यरात्री 42, सकाळी सहालाही 42, दुपारी 41. पूर ओसरला! तशीच रेटली तर चौथ्या दिवशी दुपारी कृष्णेत उणे 3 फूट पाणी. कऱ्हाडला कोयना मिळते, हरिपूरला वारणा. कोयना धरणाचे दरवाजे किती उचललेत, हे त्या तीन आकड्यांत कुठेच नाही. उद्याच्या पाण्यासाठी कऱ्हाडची पातळी आणि कोयनेचा विसर्गच बघावा लागतो.