गाव रंगवायचे, पण कुठे उभे राहून?

कॅलेंडरावरचे गाव आपण सर्वांनी पाहिले आहे. लाल कौलांची घरे, भरलेली नदी, देवळाचा कळस आणि डोक्यावर घागर घेतलेली हसरी बाई. आम्ही काही कामगार मित्र रविवारी एकत्र बसून तैलरंग शिकू लागलो, तेव्हा आमचे पहिले चित्र असेच झाले. एका मित्राच्या आईने ते पाहून विचारले, "आरं, ह्ये गाव कुणाचं? ह्यात आपलं घर कुठाय?"

आम्ही निरुत्तर झालो. मग उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्या गावी गेलो आणि ओढ्यापलीकडे, जिथे त्यांचे घर होते तिथे फळी मांडली. तिथून समोर बाभळ, पडक्या भिंतीचे दगड आणि तापलेली वाट मोठी दिसत होती. कळस व वाडे दूर, लहान आणि निळसर होते. गाव तेच, पण उभे राहण्याची जागा बदलली की चित्र बदलते.

फ्रेंच चित्रकार मिले यांनी १८५७ साली शेतात सरवा वेचणाऱ्या तीन गरीब बाया तैलरंगात रंगविल्या. बाया अगदी पुढे, मोठ्या. धान्याच्या गंजी आणि घोड्यावरचा देखरेख करणारा मात्र पार मागे, लहानसा. आज हे चित्र पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे.

आता शिकणाऱ्यांसाठी कामाच्या गोष्टी. कॅनव्हास महाग वाटला तर हार्डबोर्डला पांढऱ्या प्रायमरचे दोन हात द्यावेत. कोऱ्या कापडावर थेट रंग लावू नये. तेलाने कापड कुजते. सुरुवातीला पाच नळ्या पुरतात : पांढरा, लेमन यलो, यलो ऑकर, बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन निळा. काळा घेऊ नये. सिएना आणि अल्ट्रामरीन मिसळले की सावलीचा गडद रंग मिळतो. नळीतला हिरवाही नको. निळ्यात पिवळा घालून आपला हिरवा करावा. दूरच्या झाडांत निळा आणि पांढरा थोडा वाढवावा, म्हणजे ती मागे सरतात.

डोळे बारीक करून पाहिले की बारकावे जातात आणि उजेड व अंधाराचे मोठे भाग उरतात. आधी तेच भाग टर्पेंटाइनने पातळ केलेल्या रंगात मांडावेत. ऊन सरकते, सावल्या फिरतात. म्हणून दोन तासांनी थांबावे आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा बसावे.

रंगातले जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन ते घट्ट होते. त्यामुळे खालचा थर पातळ आणि वरचा अधिक तेलाचा असावा. उलट केले तर रंगाला भेगा पडतात. घट्ट होताना तेल उष्णताही सोडते. तेलकट चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकला तर तो आपोआप पेट घेऊ शकतो. एका खोलीत संसार करणाऱ्यांनी हे विसरू नये. चिंध्या पाण्यात भिजवून बाहेर मोकळ्या पसरून वाळवाव्यात. टर्पेंटाइन शेगडीपासून आणि मुलांपासून दूर ठेवावे, खिडकी उघडी असावी.

दुसरे चित्र आम्ही आईंना दाखविले. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. "बाभळ बराबर हाय," त्या म्हणाल्या. "पर पान्याची वाट चुकली. ती सरळ न्हवती. हिरीवर आमाला येऊ देत न्हवते. लांबनं, ओढ्याच्या कडंनं जावं लागायचं."

तैलरंग लवकर वाळत नाही, हे तेव्हा उपयोगी पडले. आम्ही ओली वाट पात्याने खरवडली आणि त्या बोट दाखवीत गेल्या तशी, ओढ्याच्या कडेने, पुन्हा रंगविली.

वाचकहो, तुमच्या घरातही अशी वाट माहीत असलेले कोणी असेल. मुलांच्या हाती ब्रश द्या आणि त्यांना आधी आजीशेजारी बसवा.