तिरोडा एक की दोन?

गोंदिया जिल्ह्याच्या उत्तरेला मध्य प्रदेश, पूर्वेला छत्तीसगड. त्यामुळे इथल्या कागदांवर मराठी आणि हिंदी शेजारी शेजारी नांदतात. मराठीत आपण 'तिरोडा' लिहितो. हिंदीत त्याच गावाच्या 'ड'खाली नुक्ता येऊन 'तिरोड़ा' होते. वाचणाऱ्याला गाव एकच. संगणकातल्या यादीला मात्र ते एक की दोन, हे सांगावे लागते. हे ठरवणाऱ्या डेटाबेसमधील नियमावलीला 'कोलेशन' म्हणतात. कोणती अक्षरे समान धरायची आणि कोणते आधी लावायचे, हे तिच्यात असते.

काटेकोर, म्हणजे बायनरी कोलेशन साठवलेले आकडे जसेच्या तसे ताडून पाहते. त्यात 'तिरोडा' आणि 'तिरोड़ा' वेगळे. इतकेच नव्हे, 'ड़' युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो: एकच अक्षर म्हणून, किंवा 'ड' आणि नुक्ता अशी जोडी म्हणून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब; पण एक टाइप करून शोधले तर दुसरे सापडत नाही. शिधापत्रिकेच्या यादीत असे झाले, तर माणसाला 'नाव नाही' एवढेच उत्तर मिळते.

मग सैल नियम लावावा का? मायएसक्यूएल ८.० (२०१८) पासून आपोआप मिळणारे कोलेशन नुक्त्याचा फरक मोजत नाही. तिरोड्याचा प्रश्न सुटतो, पण मराठीचा नवा उभा राहतो. युनिकोडच्या व्याख्येनुसार 'ऱ' म्हणजे 'र' अधिक नुक्ता. नुक्ता गळला की 'आचाऱ्यांना' आणि 'आचार्यांना' एक ठरतात. 'दऱ्या' आणि 'दर्या'ही. स्वयंपाकी आणि गुरू, डोंगरातली दरी आणि समुद्र यांतला भेद मिटतो. त्या रकान्यात पुनरावृत्तीला मनाई असेल, तर दुसरी नोंद 'आधीच आहे' म्हणून नाकारली जाते.

म्हणून एकच कोलेशन सगळीकडे लावणे मला धोक्याचे वाटते. नोंद करतानाच मजकूर युनिकोडच्या एका प्रमाण रूपात आणावा. 'ड़'चे दुहेरी साठवण तिथेच संपते. शोध सैल ठेवावा, म्हणजे नाव हाती लागेल. नोंद एकच की वेगळी, हे मात्र काटेकोर नियमाने आणि शेवटी माणसाने ठरवावे. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये समानता मुळात काटेकोर असते. १२व्या आवृत्तीपासून (२०१९) हवी तिथे ती सैल करता येते.

मराठीत यादी उभारणाऱ्याला आपण एक प्रश्न जरूर विचारावा: इथे 'र' आणि 'ऱ' एकच आहेत का?